गल्लीतली मासेमारी

माझ्या आत्याने माझ्या वडिलांना, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या धाकट्या भावाला, एकदा भर रस्त्यात बसमधून खाली उतरवलं होतं. ती त्या बसची कंडक्टर होती आणि वडिलांनी, बहीणच आहे म्हणून, तिकीट काढलं नव्हतं. वडील पुढे आयुष्यभर हा किस्सा सांगून हळहळायचे. आत्याला मात्र त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळत नसे. "तिकीट नव्हतं, उतरला," एवढंच ती म्हणायची.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं या स्वभावामुळे झालं. दुसरी कोणी असती तर केव्हाच मागच्या दाराने आत शिरली असती आणि मला गल्लीभर धावावं लागलं नसतं.

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, काचा बसवायचे. दुकानांच्या मोठाल्या काचा ते उजव्या हातातल्या हिऱ्याने एका रेघेत कापत आणि बोटाने हलकेच टिचकी मारून तुकडा वेगळा करत. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा, आतोबा शीळ घालत असायचे. सकाळी कामावर जाण्याआधी बंदराच्या धक्क्यावर बसून गळ टाकायचा, हा त्यांचा जुना नाद. आत्या निवृत्त झाल्यावर "हे रोज तिथे करतात तरी काय" ते बघायला गेली आणि त्यांच्यापेक्षा मोठा मासा घेऊन घरी आली. आतोबा दोन दिवस घुश्श्यात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला स्वतंत्र काठी आणून दिली.

मग आतोबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ थोडी जड झाली पण टोमणे मारण्यापुरती चालत होती. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. आतोबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणाले.

आत्याने चेंडू उचलून आणला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आतोबांना धक्क्यावर नेऊन त्यांच्या नेहमीच्या लाकडी खोक्यावर बसवलं. तिच्या काठीला मासा लागला तेव्हा तिने ती काठी सरळ त्यांच्या डाव्या हातात कोंबली आणि उजवा हात रिळाच्या मुठीवर ठेवला. "अहो, फिरवा!" ती ओरडली, आणि त्या निर्जीव बोटांनी मूठ धरली. जेमतेम एक फेरा, तोही अर्धवट. पण धरली.

ताईंनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चेंडू राहू द्या. रोज हेच करा. पण खंड पडू देऊ नका हं. झटक्यानंतरचे हेच काही महिने हात ऐकतो. आत्ता सुटला तर पुढे मनधरणी करूनही येत नाही."

आत्याने ते वाक्य गाठीला बांधलं. आतोबा रोज सकाळी धक्क्यावर. मासा लागो न लागो, रीळ फिरलंच पाहिजे.

आणि अशात एक जहाज खडकावर चढलं.

बंदराबाहेर कुठेतरी त्याची तेलाची टाकी फुटली. पहिल्या दिवशी नुसता वास आला. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, आणि आम्ही धक्क्यावर होतो तेव्हाच पाण्यावर तपकिरी साय सरकत आली. हो, मीही होतो. मला मासेमारीत काडीचा रस नाही, पण आतोबांना पायऱ्या उतरवायला कोणीतरी दांडगा माणूस लागतो. आत्याने आपला गळ ओढून घेतला तर तंगूस, म्हणजे तो पारदर्शक नायलॉनचा दोरा, चिकट आणि काळपट झालेला. "शी, काय ही घाण!" म्हणत तिने तो फडक्याने पुसत पुसत रिळावर गुंडाळला. आतोबा नाक मुरडून बघत होते.

तेवढ्यात शिट्टी वाजली. नारिंगी जाकिटातला मत्स्य खात्याचा माणूस सगळ्यांना हाकलत आला, पायऱ्यांना साखळी घातली आणि वर पाटी लावली. पुढील आदेशापर्यंत हौशी मासेमारीस सक्त मनाई.

"हौशी कोणाला म्हणतो रे हा?" आतोबा म्हणाले. "माझा हात काय हौसेने लुळा पडलाय?"

गळवाल्यांनी त्या माणसाला घेरलं. आम्ही विकत नाही, घरापुरतं धरतो, कुणाचं काय बिघडतं, वगैरे. सगळ्यांच्या नजरा आत्याकडे, कारण एवढा खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. आत्याने पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सामान उचललं.

"चला," ती म्हणाली. "बस रद्द झाली."

घरी येऊन तिने आपली काठी कापडी पिशवीत घालून खिळ्याला टांगली, ती तशीच राहिली. आतोबांची काठी मात्र तिने दाराशी उभी ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी ती साखळीपाशी जाऊन पाण्याचे नमुने घेणाऱ्या तरुण बाईंना विचारायची, "कधी उघडणार?" दिवसातून एकदाच. बस कधी येणार म्हणून दर मिनिटाला विचारणाऱ्यांनी आयुष्यभर तिचं डोकं खाल्लं होतं, तेव्हा दुसऱ्याचं तसं खायचं नाही हा तिचा नियम. त्या बाईही बिचाऱ्या सरळ होत्या. "पाणी वरून स्वच्छ दिसतंय मावशी, पण माशांमध्ये अजून तेलाचा अंश सापडतोय," म्हणायच्या. आत्या मान डोलवून परत यायची.

इकडे आमच्या ओळखीतला नळवाला, तोही पक्का गळवाला, एका संध्याकाळी खाजगी आवाजात बातमी घेऊन आला. बर्फाच्या कारखान्यामागच्या खडकांवर पाणी नितळ आहे. पहारा नाही. चारपाच जण रोज जातात.

"काकांना मी खांद्यावर घालून नेतो," तो म्हणाला. "मासा लागला की रीळ फिरवायचं आणि मासा परत सोडायचा. खायचा नाहीच. मग कसली मनाई?"

आतोबांचे डोळे चमकले. खरं सांगतो, मलाही पटलं. औषधच आहे ना ते?

"नाही," आत्या म्हणाली.

"अगं, पण हात..." आतोबा म्हणाले.

"हाताचं मला ठाऊक आहे. तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण बंद म्हणजे बंद. प्रत्येकाकडे कारण असतंच हो. मी बसमध्ये काय कमी कारणं ऐकली? सगळी खरी होती. सगळ्यांची खरी धरली असती तर बस कोणासाठी चालवायची?" मग नळवाल्याकडे वळून, "आणि ते मासे आधीच अर्धमेले. त्यांना ओढून परत फेकायचं, वर म्हणायचं, खात नाही. चहा घेणार का?"

नळवाल्याने मुकाट्याने चहा घेतला. आतोबांनी मात्र डाव्या हाताने उजवा हात उचलून खिशात घातला आणि तो बाहेर काढायलाच तयार होईनात. बायको नियम सांभाळत बसली आणि माझा हात गेला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले. आत्याला ते लागत होतं. मी तिला मोरीत भांडी आपटताना ऐकलंय. पण ती हटली नाही, आणि गप्पही बसली नाही.

आधी तिने आतोबांच्या काठीच्या तंगुसाला इस्त्री बांधून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. "ओढा." आतोबा म्हणाले, "इस्त्री गळाला लागली असं लोकांना सांगू?" मग पाण्याची बादली झाली. ती उपडी झाली आणि खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली. मग एके सकाळी आत्याने मला गल्लीत बोलावलं आणि तंगूस माझ्या कमरेच्या पट्ट्याला बांधला. गाठ आवळण्याआधी तिने ती तोंडात धरून ओली केली. कोरडी गाठ आवळली की तंगूस घासून कच्चा होतो, म्हणून सगळे गळवाले असंच करतात. आत्याच्या तर इतकं अंगवळणी पडलंय की ती पार्सलची सुतळीही आधी तोंडात धरते.

"आता धाव," ती मला म्हणाली.

"आत्या, माझं वय बघ. पोट बघ."

"मासा हुज्जत घालत नाही. धाव!"

मी धावलो. दाराशी खुर्चीत आतोबा बसलेले, काठी डाव्या हातात, उजवा हात आत्याने कापडी पट्टीने रिळाच्या मुठीला बांधलेला. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हा कसला मासा?" आतोबा खुर्चीतून म्हणाले. "ही तर म्हैस आहे. मासा असा सरळ धावतो का कधी? जरा वळ, थांब, पुन्हा पळ!"

झटक्यानंतर त्यांनी असं कुणाला ओरडून शिकवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्याने ते माझ्याआधी हेरलं होतं. "फिरवा, अहो, सुटतोय तो!" ती म्हणाली, आणि रीळ फिरलं.

मग रोजचंच झालं. दोनचार दिवसांनी नळवाला कानकोंडा होऊन आला. खडकांवर जाणं सोडलं म्हणाला, नितळ पाण्यातल्या माशाचं पोट चिरल्यावर डांबरासारखा वास आला होता. त्याने तंगूस माझ्या पट्ट्यावरून सोडून आपल्या कमरेला बांधला. त्याला मासे कसे पळतात ते ठाऊक. उभ्या केलेल्या स्कूटरींच्या मधून असा काही सुळसुळायचा की आतोबा खुर्चीतून अर्धे उठायचे. माझी मासेपदावरून हकालपट्टी झाली, त्याचं मला थोडं वाईटच वाटलं.

पण हात येत नव्हता. ते सगळ्यांना दिसत होतं. फिरवत होता तो खांदा. पट्टीत बांधलेली बोटं नुसती बरोबर जात होती, आणि पट्टी सोडली की हात मांडीवर गळून पडायचा. ताई तपासायला आल्या तेव्हा त्यांनी बोटं एकेक करून उलगडली आणि "चालू ठेवा" म्हणाल्या. चेंडूच्या वेळचा ठामपणा त्यात नव्हता. त्यांना जिन्यापर्यंत सोडून आल्यावर आत्या थोडा वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली.

"उद्या लवकर सुरू करू," ती मग म्हणाली.

अखेर एका सकाळी नमुनेवाल्या बाईंनीच आत्याला लांबून हात केला. पाणी आणि मासे, दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या होत्या. नारिंगी जाकिटाने साखळी काढली आणि ज्याने त्याने आपलं सामान तपासून घ्यावं, तेल लागलेलं काही असेल तर या पिंपात टाकावं असं ओरडून सांगितलं. कोण ऐकतंय? सगळे पायऱ्यांकडे धावले. आम्हीही. आत्याने खिळ्यावरून आपली काठी काढली होती, बंदीनंतर पहिल्यांदाच.

आतोबा त्यांच्या खोक्यावर बसले. त्यांची काठी त्यांच्या डाव्या हातात, उजवा हात मांडीवर. पट्टी आत्याच्या खिशात होती, आधी आपलं आवरून मग ती त्यांचा हात बांधणार होती. मी आमिषाचा डबा दोन्ही हातांत धरून, नाक दुसरीकडे करून उभा. आत्याने त्यांच्या शेजारी उकिडवं बसून पिशवीतून काठी काढली, तंगूस शिशाच्या गोळ्याच्या कडीतून ओवला, वेढे दिले आणि नेहमीसारखी गाठ तोंडात धरली.

"थुंक!" आतोबा ओरडले. "अगं, तेल आहे त्याला! थुंक आधी!"

आणि आत्याच्या ओठांतून तंगूस फर्रकन निघाला. गोळा धक्क्यावर आपटून गडगडत गेला.

आत्या वाकून थुंकायला लागली. ओठ काळे झालेले, तोंड वेडंवाकडं. मी डबा टाकून तिला पाण्याची बाटली दिली. तिने चुळा भरल्या, परत थुंकली, म्हणाली, "पुसलं होतं मी ते. धुवायचं राहिलं." मग तोंड पुसता पुसता थांबली.

"अहो," ती म्हणाली, "कोणत्या हाताने ओढलंत?"

आतोबांनी डावीकडे पाहिलं. डाव्या हातात काठी होती तशीच होती. उजवा हात त्यांच्या छातीसमोर हवेत होता, मुठीत काळपट तंगूस आवळलेला. तो खाली घ्यायलाही ते घाबरत होते.

"हाच... हाच होता बहुतेक," ते म्हणाले.

"सोडा बघू."

"सोडत नाहीये."

आत्या त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि एकेक बोट उलगडू लागली. बोटं घट्ट होती, तिला जोर लावावा लागत होता. मधूनच ती बाजूला वळून थुंकत होती आणि डोळे बाहीने पुसत होती, आणि आतोबा तिच्या डोक्यावरून समुद्राकडे बघत म्हणत होते, "हळू गं, दुखतंय. खरंच दुखतंय." दुखतंय म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

तंगूस निघाला तेव्हा ती उठली, आपलं सगळं रीळ काढून पिंपात टाकून आली. मग आतोबांच्या गळाला आमिष लावून तो पाण्यात सोडला. खिशातून पट्टी काढली, हातात धरून जरा वेळ बघितली, आणि घडी घालून परत खिशात ठेवली. आतोबांचा उजवा हात उचलून तिने रिळाच्या मुठीवर मोकळाच ठेवला.

"फिरवा," ती म्हणाली.