धाकटीचं चांगलेपण

थोरली एका छापखान्यात प्रुफं तपासायची. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली होती. घरीही ती खोड सुटत नव्हती. फक्त धाकट्या जावेत तिला चूक सापडत नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून धाकटी त्यांचं सगळं करायची, दोन वेळा देवापुढे बसायची, आणि येणारा-जाणारा म्हणायचा, "सून असावी तर अशी!" ते ऐकून थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशात तिच्या टेबलावर एका प्राध्यापकांचं पुस्तक आलं. माणूस टोळीनं राहायचा तेव्हा ज्याच्यावर इतरांचा भरवसा तोच तगला, म्हणून चारचौघांत चांगलं वागणं आपल्या हाडीमाशी खिळलं; आणि माणसाची नजर पोचत नाही तिथं पाहायला देव आला, असं त्यात लिहिलं होतं. थोरलीनं ते पान दोनदा वाचलं. त्यातली वेलांटीची चूक तशीच राहिली.

जेवताना ती म्हणाली, "चांगुलपणा म्हणजे बघणाऱ्यांसाठी केलेला देखावा. छापून येतंय आता."

"मग तूही कर की थोडा देखावा," नवरा म्हणाला. धाकटी खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती भर दुपारी घरी आली आणि पाऊल न वाजवता सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी थांबली. सासूबाई गाढ झोपल्या होत्या. धाकटी एकटीच त्यांच्या पायांना तेल चोळत होती. रागावलेली नाही, कंटाळलेली नाही. तिचं ढोंग सापडलं असतं तर किती बरं झालं असतं!

"कुणी बघत नसताना कशाला एवढं?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी दचकली. आता ही देवाचं नाव घेणार, आणि मग आपण पुस्तकातलं तोंडावर फेकणार, अशी थोरलीची तयारी होती.

"ताई, पाय कोरडे पडले की टाचा चिरतात," धाकटी म्हणाली.

थोरलीनं पर्स ठेवली, हातावर तेल घेतलं आणि दुसरा पाय धरला. सासूबाई डोळे न उघडताच कण्हल्या. "हा हात कुणाचा? खरखरीत आहे गं." आणि त्यांनी पाय धाकटीकडे ओढला.

पण थोरलीनं पाय सोडला नाही.

पुढं रोज संध्याकाळी डावा पाय तिच्याकडे असायचा. हेवा काही गेला नाही. धाकटीकडचा उजवा पाय आधी उबदार होतो का, हे ती चोरून चाचपून बघायची.