विमानाच्या नाकाला गुलाल

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. हवेतले झोके मोजणाऱ्या विमानात बसायचं काम करते, आणि झोका लागला की खुर्ची गच्च धरते. गेल्या हिवाळ्यात आम्ही कोल्हापूरच्या विमानतळावरून उडत होतो. ऊन चढलं, जमीन तापली, की उसाच्या फडांवरची हवा कशी उसळते, ते मोजायचं होतं. त्यासाठी छोटं विमान अगदी खालून, सरळ रेषेत न्यावं लागतं. पहिल्याच दिवशी ते हवेत असं आदळलं की माझ्या कपाळाला टेंगूळ आलं.

संध्याकाळी गडमुडशिंगीला घरी गेले. टेंगूळ बघून आईनं जोतिबाचा गुलाल कागदात बांधून दिला. "इमानाच्या नाकाला लाव. नव्या ट्रॅक्टरला लावतोय की, मग ह्याला का न्हाई?"

मी हसले. पुडी मात्र खिशात ठेवली.

त्या विमानाच्या नाकापुढे एक लांब नळी आहे. तिच्या टोकाला सुईनं पाडल्यासारखी पाच छिद्रं. त्यांवर पडणाऱ्या हवेच्या दाबावरून झोका केवढा, ते माझ्या पडद्यावर उमटतं. ती छिद्रं बॅटरीच्या उजेडात तपासून सही करणं हे माझंच काम. सकाळी तपासली, सही केली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून, घामेजलेल्या अंगठ्यानं नेमका टोकालाच टिळा लावला. एवढी शिकलेली बाई, पण भीतीपुढे अक्कल गहाण पडली.

जमिनीवर पडद्यावरची रेघ सपाटच असते, म्हणून काही कळलं नाही. वर गेल्यावर विमान हलायला लागलं, रेघ हललीच नाही. छिद्रांत काय बसलंय, ते मला लगेच समजलं.

"मॅडम, झोके किती?" कॅप्टननी हेडफोनमधून विचारलं. "मला तर बरेच जाणवतायत."

आमचा नियम असा की अंगाला काय जाणवतं ते धरायचं नाही, पडद्यावरचं धरायचं. मी 'कमी' म्हटलं, तरच विमान आणखी खाली जायचं. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि लोक हसणार ते वेगळंच.

"कमी," मी म्हणाले.

विमान खाली उतरलं. फडातली माणसं दिसायला लागली. समोर कुणीतरी तोड झालेल्या रानातलं उसाचं वाळकं पाचट पेटवलं होतं आणि धूर सरळ वर चढत होता. पेटत्या पाचटावरची हवा मला लहानपणापासून माहीत आहे. त्यावरून जाणारी घारसुद्धा पंख न हलवता वर फेकली जाते. आम्ही थेट तिकडेच निघालो होतो. पडद्यावर रेघ सपाट. पुढच्या खुर्चीतल्या कॅप्टनच्या मानेवरचा घाम दिसत होता. त्यांना दोन लहान मुली आहेत.

"वर घ्या!" मी किंचाळले. "पडदा खोटा आहे. छिद्रं मीच बुजवलीत!"

काही न विचारता त्यांनी विमान वर ओढलं. तरी धुराच्या कडेचा तडाखा बसलाच. पट्टा खांद्यात रुतला, एक पंख जमिनीकडे कलला आणि खिडकीत आभाळाच्या जागी ऊस आला. आपण मेलो, असंच मला वाटलं. मग हळूहळू विमान सरळ झालं.

उतरल्यावर कॅप्टन नळीपाशी गेले. गुलाबी टोक बघितलं, बोट फिरवलं.

"गुलालाचं मी समजू शकतो, मॅडम," ते म्हणाले. "पण 'कमी' का म्हणालात?"

मी रुमालानं नळीचं टोक पुसायला लागले. तेवढ्यात आईचा फोन आला.

"लावलास न्हवं गुलाल?"

"लावला."

"बघ! म्हणून तर धड आलीस की."

मी 'व्हय' म्हणाले. त्या दिवसातलं ते माझं दुसरं खोटं.