काचघरातल्या शेवंताबाई

मुलांनो, आमच्या कॉलेजच्या काचघरात झाडांना पाणी घालणाऱ्या शेवंताबाई कुंड्या कधी मोजत नसत. पाणी घालून झालं की कमरेच्या काळ्या लोकरीच्या दोऱ्याला कुंडीगणिक एक गाठ मारायच्या, आणि संध्याकाळी तो दोरा बोटांखालून सरकवत प्रत्येक कुंडीला हात लावून जायच्या. "मोजलं की घटतं, बाई," त्या म्हणत. जतकडच्या मेंढपाळ घरातल्या त्या. त्यांच्या घरी मेंढरंसुद्धा कुणी आकड्यात मोजत नसे. मी सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, पानापानाची नोंद ठेवणारी. पण माझी नोंदवही आणि त्यांचा दोरा यांत कधी फरक पडला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. काचघरात आमची टोमॅटोची बारा रोपं होती. मुलांनो, बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही. त्या कामाचं उंदराचं एक जनुक आम्ही रोपांत घातलं होतं, फळातलं जीवनसत्त्व वाढावं म्हणून. हे ऐकून शेवंताबाई बराच वेळ हसल्या. "म्हंजे मेंढराला जमतंय ते आमाला जमत न्हाई व्हय? आनि मी जल्मभर त्यास्नी येडी म्हनत आले."

ते कमी पडलं तर काय होतं, असं त्यांनी विचारलं. हिरड्यांतून रक्त येतं, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या नातीला, काशीला, घेऊन आल्या आणि तिचं तोंड उघडून मला दाखवलं. हिरड्या सुजलेल्या, दातांच्या कडेला रक्त. दवाखान्यात न्या, मी म्हणाले. आणि वर बजावलं, यातलं एकही फळ काचघराबाहेर जाता कामा नये. खाल्लं तर काय होईल ते आम्हालाही ठाऊक नाही.

पहिलं फळ पिकलं. सोमवारी सकाळी पाहिलं तर देठ रिकामा, आणि शेवंताबाई कामावर नाहीत.

नोंदवहीत मी 'फळ एक, गहाळ' असं लिहिलं, पुढे त्यांचं नाव लिहिलं आणि रिक्षा केली. ते विष नव्हतं. पण विष नाही असं छातीवर हात ठेवून मला सांगता आलं नसतं. वाटभर काशीचं उघडं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेवंताबाईंच्या खोलीत काशी तापाने फणफणली होती. हिला काय खायला दिलंत, मी विचारलं. "जोंधळ्याच्या कन्या," शेवंताबाई म्हणाल्या. मग मी फळाचं विचारलं. त्यांनी काशीला शेजारणीच्या हवाली केलं आणि रिक्षात येऊन बसल्या.

काचघरात आल्यावर पाण्याच्या टाकीमागचं पोतं त्यांनी बाजूला केलं. भंडारा लावलेला एक धोंडा होता, आणि त्यापुढे ते फळ. अखंड.

"पयलं फळ देवाचं. भाएर न्यायचं न्हाई म्हनलासा, म्हनून बिरोबाला आत आनला." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पोरीला द्यावं असं लय वाटलं, बाई. हातात घिऊन उबी हुते. पन तुमी सांगितलं हुतं."

नोंदवहीतलं त्यांचं नाव मी खोडलं. त्या वहीतली ती एकच खाडाखोड. एवढं शिकलेली मी, पण ही पोर रोज काय खाते, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. भाकरी आणि चटणी, त्यांनी सांगितलं. त्याच दुपारी मी काशीला डॉक्टरांकडे नेलं, येताना बाजारातून आवळे आणि पेरू घेतले. ताप साधा निघाला. हिरड्या हळूहळू बऱ्या झाल्या.

फळ आम्ही तपासलं. बाजारच्या टोमॅटोइतकंच जीवनसत्त्व भरलं. एका आवळ्यापुढे आमची बारा रोपं काहीच नव्हती. मला वाटलं, आता शेवंताबाई हसणार. त्या हसल्या नाहीत. "मेंढीच्या एका वेतात कळप व्हत न्हाई, बाई," म्हणाल्या आणि पाणी घालायला गेल्या.

काम सोडून गावी जाताना त्यांनी तो दोरा मला दिला. त्या वारल्याचं मला फार उशिरा कळलं. दोरा माझ्या कपाटात आहे. घरातले चमचेसुद्धा मोजून ठेवणारी मी. त्याच्या गाठी मात्र अजून मोजलेल्या नाहीत.