आधी तू वाच

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, आणि शाळा तिने आठवीत सोडली, त्यामुळे ते तिथेच राहिलं. एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून मामाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनाच सवय लागली. एकोणीस वर्षांची पोरगी, जुने सोफे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला. सोफ्याचं कापड टराटरा फाडायचं, आतला भुगा झालेला फोम उपसायचा, स्प्रिंगा कसायच्या, वर नवं रेक्झिन ताणून स्टेपल मारायचे. फाडायच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बारीक शिलाई आली की मात्र तोंड वाकडं.

शाळा सुटली तीही मामामुळेच. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, सगळी गल्ली त्याला पेंटर म्हणायची. बाकीचे पेंटर नुसत्या पाट्या टाकायचे, मामा पाट्या रंगवायचा, असं भिंगरी लोकांना सांगायची. एकदा तो तिला न्यायला शाळेत आला, अंगभर रंग उडालेला, तर मुख्याध्यापकांनी त्याला गेटबाहेर उभं केलं आणि असल्या लोकांना आत सोडत जाऊ नका म्हणून शिपायाला दम भरला. हिने ते वर्गाच्या खिडकीतून ऐकलं. दप्तर उचललं, सरळ चालत बाहेर आली, मामाचा हात धरला आणि पुन्हा त्या गेटात पाय ठेवला नाही. आईने बडवलं, मामाने समजावलं, ढिम्म हलली नाही. बाप कधीचाच निघून गेला होता. तिचं जे काही होतं ते आई आणि मामा, आणि त्यातही कुणाची बाजू घ्यायची वेळ आली तर मामाची.

त्या मामाचे डोळे चालले होते.

सुरुवात पाटीवरच झाली. सरळ मारलेली रेघ त्याला वाकडी दिसायला लागली. आधी शिडीला शिव्या दिल्या, मग ब्रशला, मग उन्हाला. शेवटी एका औषधाच्या दुकानाची अख्खी पाटी दोनदा पुसून तिसऱ्यांदा रंगवली आणि दुकानदार म्हणाला, पेंटर, पहिली बरी होती. तेव्हा तो डॉक्टरकडे गेला. डाव्या डोळ्यातलं मधलं दिसणं तोवर गेलेलंच होतं. इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. उजवाही त्याच वाटेवर होता. कडेचं दिसत राहील, डॉक्टर म्हणाले, पण मधलं जाईल. म्हणजे वाचणं नाही, रंगवणं नाही, समोरच्याचं तोंड नाही. कधी जाईल ते सांगता येत नाही. घरी भिंतीवर लावायला चौकडीचा एक कागद दिला, रोज एका डोळ्याने बघायचा, रेघा वाकल्या की लगेच यायचं. आणि निघताना आईसमोर बजावून सांगितलं, "जे बघायचं ते बघून घ्या. बघितल्याने डोळा झिजत नाही."

हे एकच वाक्य मामाला पटलं नाही. आयुष्यभर त्याने ब्रश झिजताना बघितले होते, शिडीच्या पायऱ्या झिजताना बघितल्या होत्या, स्वतःचे गुडघे झिजताना बघितले होते. डोळा तेवढा झिजत नाही हे कोण मानणार? तो दिवसभर डोळ्यांवर मऊ फडकं बांधून बसायला लागला. जेवताना काढायचा, जिना उतरताना काढायचा, बाकी बांधलेलं. चौकडीचा कागद कपाटावर घडी करून पडला, कारण रोज रेघा बघण्यात डोळा खर्च कशाला करायचा. आई वैतागायची. दादा, निदान माझं तोंड बघत जा, ते फुकट आहे, असं म्हणायची. भिंगरीला मात्र मामाचं बरोबरच वाटलं. डॉक्टरने काय कधी पाटी रंगवलीय?

मग साठवलेल्या डोळ्यांनी बघायचं काय, हा प्रश्न आला. आणि मामाने जे सांगितलं ते ऐकून आईने कपाळाला हात लावला. त्याला एक कॉमिक वाचायचं होतं.

'गोदी' नावाची आठ भागांची मालिका होती. खून, तपास, पोलीस, सगळा मामला. काळ्या शाईत काढलेली, रंग नावालाही नाही. पेपरात तिची तारीफ, बक्षिसांवर बक्षिसं. मामा तरुणपणापासून असल्या गोष्टींचा वेडा. दुपारची शिडी सावलीला टेकवून तो गुप्तहेरांची चित्रं वाचत बसायचा. रात्र नीट काढता येणारा माणूस त्याला अजून भेटला नव्हता. लोक रात्र म्हणून नुसता काळा रंग फासतात, असं तो म्हणायचा. 'गोदी'मधली रात्र खरी आहे असं त्याने ऐकलं होतं आणि ती म्हातारपणी निवांत वाचू म्हणून ठेवून दिली होती. पण अशाच दुसऱ्या एका गाजलेल्या मालिकेने त्याला एकदा फसवलंही होतं. तिसऱ्या भागापासून जी घसरली ती घसरलीच, आणि तो मात्र आज सुधारेल, उद्या सुधारेल करत शेवटपर्यंत वाचत बसला. तेव्हा डोळे भरपूर होते. आता नव्हते.

"आधी तू वाच," तो भिंगरीला म्हणाला. "चांगली असली तरच मी फडकं काढतो. बाकी कुणावर माझा भरवसा नाही. तू तोंडावर सांगतेस."

भिंगरीने जन्मात पुस्तक पुरं केलं नव्हतं. पण मामाने सांगितलं म्हटल्यावर ती लायब्ररीत गेली. लायब्ररी म्हणजे जिन्याखालची खोली आणि लायब्ररीवाला म्हणजे बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा माणूस. त्याने पेपरातली कात्रणं काचेखाली लावली होती, ती तिला वाचून दाखवायला लागला. माणसाच्या मनातला अंधार वगैरे. तिने मधेच विचारलं, ते असू दे, वाचण्यासारखी आहे का? तो म्हणाला, बक्षीस मिळालंय. "बक्षीस मला पण मिळालं होतं, उंच उडीत," ती म्हणाली. "काय उपयोग झाला? सोफे शिवतेय."

पहिला भाग तिने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, फोमच्या ढिगावर बसून वाचला. आधी चित्र बघायचं की आधी अक्षरं, तेच कळेना. गोदीतल्या एका रखवालदाराला पाण्यात एक बॅग सापडते, बॅगेत बाईचे कपडे, आणि मग ती बाई. घरी येऊन तिने निकाल देऊन टाकला, फालतू आहे, नुसते मुडदे. मामाने विचारलं, हात कसे काढलेत? हात म्हणजे? माणसांचे हात, तो म्हणाला. तोंड कुणीही काढतो. चित्र काढणाऱ्याला हात आले की समजायचं त्याने माणूस बघितलाय. परत जा आणि हात बघून ये.

तिने परत बघितलं. रखवालदार नळाखाली हात धुतोय, एवढंच एक अख्खं पान होतं. शब्द एकही नाही. सहा चौकटी, नळ, पाणी आणि हात. पहिल्या चौकटीत तो घाई करतोय, शेवटच्या चौकटीत धुवायचं संपलंय तरी हात पाण्याखालीच धरून ठेवलेत. ती त्या पानावर इतका वेळ अडकली की लाकडाला लावलेला गोंद सुकून गेला आणि मालकिणीने सगळ्यांसमोर तिची चांगलीच हजेरी घेतली. तिला काही ऐकूच आलं नाही.

तेव्हाच तिने घरी येऊन मामाचं फडकं सोडायला हवं होतं. पण मनात आलं, पुढे घसरली तर? मामा पुन्हा फसला तर ते तिच्या सांगण्यावरून फसल्यासारखं होईल. म्हणून तिने दुसरा भाग आणला. तोही चांगला. तिसरा त्याहून चांगला. तिसऱ्या भागात गोदीतली रात्र होती, आणि तिलासुद्धा कळलं की ही काळी नाही, ओली आहे. मामा रोज संध्याकाळी फडक्याआडून विचारायचा, काय म्हणतेय तुझी गोदी? ती म्हणायची, थांब, सगळी होऊ दे. मामा मान हलवायचा. घाई नाही, तो म्हणायचा, आहेत अजून डोळे शिलकीत. चौथा झाला, पाचवा झाला. आई एकदा भांडी घासता घासता बोलली की दे की त्याला एकदाची, परीक्षा आहे का कसली? तर भिंगरीने तिच्यावरच तोंड टाकलं. तुला काय कळतं यातलं.

सहावा भाग कुणीतरी नेलेला होता. तो येईपर्यंत तिने लायब्ररीच्या इतक्या खेपा घातल्या की लायब्ररीवाला तिला बघून कात्रणं झाकायला लागला. शेवटी आला. तिने जिन्यावरच उघडला, आणि काहीतरी बिनसलंय हे तिसऱ्याच पानावर तिच्या लक्षात आलं. रखवालदार तोच, टोपी तीच, पण हात गेलेले. फुगवलेले हातमोजे चिकटवावेत तसे. मागचं पान उलटलं तेव्हा बारीक अक्षरात सापडलं की या भागापासून चित्रं दुसऱ्या माणसाने काढलीत. पेपरवाल्यांनी हे कुठेच लिहिलं नव्हतं. उलट शेवटचे भाग म्हणजे कळस, असंच सगळीकडे. भिंगरीला इतका राग आला, जसं काही त्या चित्रकाराने तिला सांगून जायला हवं होतं.

गोष्ट मात्र शेवटपर्यंत छान होती. म्हणून तिने सातवा वाचला, आठवा वाचला, आणि खात्री करायला शेवटचे तिन्ही पुन्हा वाचले. मग ठरवलं. पहिले पाच मामाने स्वतः बघायचे, उरलेल्या तीन भागांची गोष्ट तिने तोंडी सांगायची. वाईट चित्रांवर एक नजरसुद्धा खर्च होऊ द्यायची नाही. हे सुचल्यावर ती स्वतःवरच खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नीट, न कंटाळता केलं होतं.

सुट्टीच्या सकाळी ती पाचही भाग काखेत मारून आली. मामाने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. आई हसली, मुलगी बघायला चाललास का म्हणाली. भिंगरीने खुर्ची खिडकीपाशी ओढली, पहिला भाग त्याच्या मांडीवर ठेवला आणि हात धुतानाचं पान स्वतः उघडून दिलं. तिला धीरच नव्हता. मामाने फडकं सोडलं. उजेडाला डोळे सरावू दिले. मग खाली बघितलं.

बराच वेळ बघितलं. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. तळव्याने पानाच्या मधोमध पुसल्यासारखं केलं.

"याच्यावर काय सांडलंय?" त्याने विचारलं.

काहीच सांडलं नव्हतं. त्याने पान उलटलं. त्याच्यावरही सांडलेलं होतं. त्याच्या पुढच्यावरही. मग त्याने मान वर करून भिंगरीकडे बघितलं, आणि त्याची नजर तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी जाऊन थांबली. स्वयंपाकघरातला नळ आईने बंद केला.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं की चौकडीच्या कागदावर कधी फरक दिसला. तो कपाटावर आहे, आई म्हणाली. उजवा डोळा कधी गेला असेल, आठवड्यापूर्वी की महिन्यापूर्वी, ते कुणालाच सांगता येईना. जेवताना ताट दिसायचं, जिन्याचा कठडा दिसायचा, तेवढं कडेनेही दिसतं. बाकी वेळ फडक्याखालीच गेला. चौथ्या भागाच्या वेळी गेला असेल, की सहाव्याची वाट बघताना, एवढं एकच भिंगरीला जाणून घ्यायचं होतं, आणि नव्हतंही. कारखान्यात ती त्या दिवसांत सोफे असे फाडायची की मालकीण लांबून बघत राहायची.

मामा तिच्यावर एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो खिडकीपाशी बसायचा, आता फडकं न बांधता, आणि मान तिरकी करून रस्त्याकडे कडेने बघायचा. एका संध्याकाळी ती त्याला चहा द्यायला गेली, तेव्हा त्याने विचारलं.

"वाचण्यासारखी होती का गं?"

भिंगरी मामाशी कधी खोटं बोलली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "फालतू होती."

"तू आठही भाग वाचलेस."

"तू सांगितलंस म्हणून."

"शाळेत तुला आठ पानं पुरी करता आली नाहीत," मामा म्हणाला. "मी सांगूनसुद्धा नाही." त्याने कप चाचपून हातात घेतला. "मग चांगलीच असणार."

ती एकदम म्हणाली की मी सांगते ना, एकेक चौकट सांगते, हात कसे आहेत, नळ कसा आहे, सगळं. मामाने मान हलवली. चित्र सांगू नकोस, तो म्हणाला, उगाच माझ्या डोक्यात काहीतरी भलतंच उभं राहील. खून कुणी केला तेवढं सांग.

भिंगरी जमिनीवर बसली. सांगायला तिला वाटलं होतं त्याहून फारच कमी वेळ लागला. खून क्रेनवाल्याने केला. तो रखवालदाराचा जुना मित्र होता. बाईने त्याला चोरी करताना बघितलं होतं. रखवालदाराला ते पहिल्यापासून माहीत होतं, पण मित्र म्हणून तो गप्प बसला, आणि शेवटी त्यानेच त्याला पकडून दिलं.

मामा वाट बघत राहिला.

"एवढंच?" त्याने विचारलं.

तिने आठवून बघितलं. ओली रात्र, सुकलेला गोंद, नळाखाली धरून ठेवलेले हात, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि त्यातलं सांगण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं.

"एवढंच," ती म्हणाली.