तपासल्याबिगर आत न्हाई

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात एकही वस्तू किंवा माणूस न तपासता घरात घेतलेला नाही. साक्षात देव प्रसन्न होऊन दारात उभा राहिला, तरी ते आधी त्याच्याकडे ओळखपत्र मागतील. आमचं लग्न ठरलं तेव्हा अख्ख्या घराने मुलगा पसंत केल्यावर हे एकटे जाऊन माझ्या सोसायटीच्या वॉचमनशेजारी दोन तास बसून आले. वॉचमन माझ्याबद्दल बरं बोलला असावा, म्हणून माझा संसार झाला. मामा तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत बाहेरून आलेले सुटे भाग तपासणारे इन्स्पेक्टर होते. भाग पास झाला तर हिरवा टॅग, नापास झाला तर लाल. लाल टॅग लागलेल्या मालाला साहेबसुद्धा हात लावत नसे. निवृत्त होताना कंपनीने त्यांना घड्याळ दिलं, पण तो स्वभाव काढून घ्यायला ती विसरली. आता काळेवाडीत ते खिशात मोजपट्टी ठेवून कांदे घ्यायला जातात, आणि भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की पाटी झाकते.

चाकणच्या कंपन्यांत गेटवर पाहुण्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामा ते घरी करतात. चप्पल काढली की फोन पुढे करायचा. ते मागेपुढे गोल स्टिकर चिकटवणार आणि मगच पाणी विचारणार. सत्यनारायणाला आलेले गुरुजीही यातून सुटले नाहीत. ते बिचारे पुढे चार घरच्या पूजा करून, फोटो काळे का येतात म्हणून मोबाइलच्या दुकानात गेले. दुसरं वेड ‘का’चं. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारून दोषाच्या मुळाशी जायची पद्धत असते. आमच्याकडे एकदा आमटी खारट झाली, तेव्हा मामांनी जेवता जेवता पाच ‘का’ विचारले आणि दोष माझ्या आईच्या मोतीबिंदूपर्यंत नेऊन भिडवला. पुढे ऑपरेशन झालं, आमटीही सुधारली, पण आई त्यांच्याशी अजून धड बोलत नाही.

मामी गेल्यापासून मामांचा सगळा जीव घरातल्या संगणकात आहे. एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात. सकाळी सातच्या ठोक्याला संगणक लावायचा आणि त्यावर पेपर वाचायचा, हा त्यांचा दिवसाचा आरंभ. त्या संगणकाचा बंदोबस्त काय वर्णावा! एका पहारेकऱ्यावर भरवसा नको म्हणून त्यांनी तीन अँटीव्हायरस बसवले होते, आणि ते तिघे दिवसभर एकमेकांनाच पकडत बसायचे. कॅमेऱ्यावर अर्थातच स्टिकर. कुणी पेन ड्राइव्ह दिला तर तो आधी दोन दिवस गॅलरीत उन्हात. इतकं करूनही एका रविवारी त्यांचा फोन आला, “जावईबापू, लगोलग या. आत कुणीतरी शिरलंय.”

मी संगणकाच्या नोकरीत असल्यामुळे सासरचे सगळे आजारी संगणक माझ्याच गळ्यात पडतात. गेलो, स्टिकर लावून घेतले आणि बसलो. मशीन रडतखडत चालत होतं. पेपर उघडायला जावं तर भलतीच जाहिरात उघडायची. आत ‘मोफत सफाई’ करून देणारे सहा प्रोग्राम ठाण मांडून बसले होते, आणि मामा काय बघतात, काय लिहितात ते सगळं बाहेर कळवत होते.

“मामा, हे कोणी टाकले?”

“आमीच. लाल चौकट आली व्हती, ‘धोका आहे, लगेच साफ करा’ म्हणून. लाल टॅग लागल्यावर वाट बघायची असती व्हय?”

तीस वर्षं यांनी लोकांच्या मालाला लाल टॅग लावले, पण चोरसुद्धा लाल टॅग छापू शकतो हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. देवाला ओळखपत्र मागणाऱ्या माणसाने सहा चोरांना स्वतः दार उघडून पाट मांडले होते! मी मनसोक्त हसून घेतलं. मग इंटरनेटची वायर काढली, सहाही जणांना हाकललं, तीनपैकी एकच पहारेकरी ठेवून त्याच्याकडून कानाकोपरा तपासून घेतला आणि बँकेचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलायला लावले. शेवटी यादीत एकच अनोळखी नाव उरलं. लांबून दुसऱ्याचा संगणक बघायचा तो प्रोग्राम होता. उघडला, तर त्यात मामांच्या मुलीचं नाव. मामींचे दिवस करून ती परत गेली, त्याच दिवशी टाकलेला.

मी गॅलरीत जाऊन तिला फोन लावला.

“जिजू, प्लीज काढू नका,” ती म्हणाली. “तिकडे सात वाजता संगणक लागला की माझ्या फोनवर कळतं. तेवढ्यासाठी मी जेवणाची सुट्टी त्या वेळेला घेते. कॅमेरापण लावून बघते, पण नुसता काळोख दिसतो.”

आत आलो, तर मामांचं बोट नेमकं त्याच नावावर.

“ह्यो कोण राहिला? काढा.”

“राहू द्या, मामा.”

“का?”

“तो चोर नाही.”

“का?”

“तुमच्या मुलीने टाकलाय.”

“का?”

“तुम्ही सकाळी उठलात, हे तिला कळावं म्हणून.”

“का? फोनवर सांगतो की मी, बरा हाय म्हणून.”

“त्यावर तिचा विश्वास नाही.”

“का?” हा पाचवा फार हळू आला.

“मामीपण शेवटपर्यंत फोनवर ‘बरी हाय’ म्हणत होत्या.”

मामांनी त्या नावावरचं बोट काढून घेतलं. मघाशी इतकं हसलो याची मला लाज वाटली.

“गेटपास न घेता आली पोरगी,” ते म्हणाले. “इचारलं असतं तर दिला नसता व्हय?” मग स्वतःच मान हलवली. “नसता दिला.” आणि वर, “इन्स्पेक्टरची पोरगी हाय. तोंडी सांगितलेलं तिला चालायचं न्हाई.”

“मग ठेवू?”

“कॅमेरा बी बघती?”

“बघते. काळोख दिसतो म्हणाली.”

मामांनी पुढे वाकून कॅमेऱ्यावरचा स्टिकर नखाने खरवडून काढला. डिंक राहिला होता, तो सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग “थांबा जरा” म्हणून आत गेले आणि केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आमच्या फोनांना अजून दारातच स्टिकर लागतात, आणि मला अजून त्याचा राग येतो. पण सकाळी सातला मामा दाढी करून, इस्त्रीच्या शर्टात संगणकासमोर बसतात. पेपर वाचता वाचता मधेच मान वर करतात, क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. स्टिकर काढल्याचं त्यांनी मुलीला अजून सांगितलेलं नाही, आणि तिनेही विचारलेलं नाही.