तिघांचा एक माऊस

मला राग येतो तो आधी डाव्या हातात येतो. उजव्यात येऊन उपयोग नाही, तिथं अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. मधली तीन बोटं वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, मग प्रेस खाली येणार, असं दिवसभराचं काम. हात मध्ये असताना मशीन चालू नये म्हणून एक सेन्सर असतो. माल लवकर निघावा म्हणून तो कुणीतरी बंद करून ठेवला होता. प्रेस आली. आवाज नेहमीसारखाच झाला, त्यामुळं शेजारच्या मशीनवरच्या माणसाला काही कळलंच नाही. पत्र्यावर रक्त पसरताना दिसलं तेव्हा तो ओरडला. मी ओरडलो नव्हतो. मी खाली बसून बोटं शोधत होतो.

हे दया यावी म्हणून सांगत नाही. दयेचा मला तिटकारा आहे. पण हे सांगितल्याशिवाय, एका कॉम्प्युटर गेमच्या दुसऱ्या भागावरून मी सख्ख्या मामाच्या पोराचा दात का पाडला ते कुणाला कळायचं नाही.

हा मामेभाऊ माझ्यापेक्षा लहान. मूळ गाव पिशोर, पण आता राहतो इथं शहरात, हडकोत, आणि जाधववाडीच्या मार्केटात मक्याचा धंदा करतो. हमाल आले नाहीत तर स्वतः पोती उचलतो, त्यामुळं मान बैलासारखी झालेली. अपघातानंतर मी घरातून बाहेर पडेनासा झालो होतो. चारचौघांत चमचा धरायची लाज वाटायची. तो एका रविवारी आला आणि मला जवळजवळ उचलूनच त्याच्या घरी घेऊन गेला. तिथं आमचा कॉलेजातला एक मित्र आधीच बसलेला होता. हा क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. दोघं कॉम्प्युटरवर तो गेम खेळत होते. राजे, राक्षस, चेटकिणी, जळणारी गावं आणि उडणारी मुंडकी असा सगळा मामला. मला जमायचं नाही, असं मी म्हणालो. मामेभावानं माऊस उचलला आणि कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला.

त्या गेममधली लढाई पाळीची होती. आधी तुमच्यातला एक गडी वार करणार, मग शत्रूचा एक, मग तुमचा दुसरा. तुमची पाळी आली की सगळं जग थांबून राहतं. तुम्ही चहा पिऊन या, राक्षस कुऱ्हाड उगारून तसाच उभा असतो. आमच्या टोळीत तलवारवाला माझा, धनुष्यवाला मामेभावाचा आणि मंत्र टाकणारी बाई मास्तरची. असा गेम एकट्यानं खेळायचा असतो, सगळे गडी एकाच माणसानं हलवायचे असतात. आम्ही मात्र तिघांत एक माऊस फिरवायचो. पिशोरला मामाच्या आणि त्यांच्या भावकीच्या शेतात एक सामाईक विहीर होती, तिच्यावर मोटार लावायची पाळी ठरलेली असायची. ते बघत मोठा झालेल्या माणसाला वस्तू एक आणि माणसं तीन यात काहीच अडचण दिसत नाही. आमची पाळी ठरलेली होती आणि ती कुणी मोडत नव्हतं.

कारखान्यानं मला स्टोअरमध्ये बसवलं. आठवडाभर मी नटबोल्टांच्या पेट्या इकडून तिकडं करायचो आणि साहेब लोक माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायचे. रविवारी मात्र मी मारायचो. डाव्या हातानं माऊस धरून नीट निवडून मारायचो, आधी गुडघा, मग गळा. मला मारायला आवडायचं. समोरच्याच्या छातीतून तलवार बाहेर यायची तेव्हा आठवड्याभराचा गाळ उपसून काढल्यागत वाटायचं. मास्तर म्हणायचा की तुझ्यात एक खाटीक आहे. मी म्हणायचो, असू दे, तुझ्यात तर नुसता फळा आहे.

अशी वर्षं गेली. मग दुसरा भाग येणार अशी बातमी आली आणि आमच्यात फाटाफूट सुरू झाली. मास्तरला हवी होती गोष्ट. पहिल्या भागात राणीला जिवंत सोडलं होतं, तिचं पुढं काय झालं याच्यावर तो तासतासभर बोलायचा, आणि गेम बनवणारे नवे लोक सगळी वाट लावणार म्हणून आधीच सुतक पाळायचा. मामेभावाला हवी होती धावपळ. घोडे, मोठं रान, मधेच उडी मारून बाण सोडणं. पाळीपाळीनं मारामारी करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. मला काय हवंय ते मी सांगत नव्हतो. मी म्हणायचो की जुन्या गेमचा बाज टिकला पाहिजे. इंटरनेटवर जगभरचे खेळाडू याच गोष्टीवरून एकमेकांना फाडून खात होते, त्यात मीही उतरलो. वेगवान लढाई मागणाऱ्या कुणा परदेशी पोरट्यांना मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत शिव्या घातल्या. इंग्रजीत शिवी देऊन पोट भरत नाही, म्हणून शेवटी मराठीत घातल्या.

बाज वगैरे खोटं होतं. मला एवढंच कळत होतं की लढाई पाळीची राहिली नाही तर मी त्या खोलीत बसून काय करणार. माणसं मला बोलावतील, चहा देतील, आणि मी बघत बसेन.

लढाईचा पहिला व्हिडिओ आला तो आम्ही मामेभावाच्या घरीच बघितला. पहिल्याच झटक्यात कळलं. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. तलवारवाला एकाला चिरतो, तेवढ्यात मागून दुसरा येतो, तो लोळण घेतो, उठतो, उलटा वार करतो. दोन्ही हातांची दहाही बोटं लागतील असा खेळ. शिवाय तिघांनी तीन कॉम्प्युटरवरून एकत्र खेळायची सोय. मास्तरनं माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. मामेभाऊ खुर्चीवरून अर्धा उठला होता, त्याचे डोळे चमकत होते.

"लई बरं झालं," तो म्हणाला. "आता कुणाच्या पाळीची वाट बघत बसायला नको."

माझी डावी मूठ त्याच्या तोंडावर बसली तेव्हा मी उभा होतो. मी कधी उठलो ते मला आठवत नाही. दात लागून माझी कातडी फाटली. मी परत मारलं. खुर्ची उलटली, तो भिंतीशी गेला. मी त्याची गचांडी धरून त्याला गोदरेजच्या कपाटावर आपटलं, पुन्हा आपटलं, कपाटाचा पत्रा आत गेला आणि वरची सुटकेस खाली आली. त्याच्या ओठातून रक्ताची धार लागली, ती माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. मास्तर मागून मला ओढत होता, त्यालाही माझं कोपर बसलं. आणि हा क्विंटलचं पोतं पाठीवर घेणारा गडी, मनात आणलं असतं तर त्यानं मला खिडकीतून खाली फेकलं असतं. तो दोन्ही हात खाली सोडून उभा होता.

"मी तुझ्यावर हात नाय उचलणार, दादा," तो रक्त गिळत म्हणाला.

तेव्हा मी त्याला खरंच मारून टाकलं असतं. त्याच्याकडून उलटा मार खाल्ला असता तर मी शांत झालो असतो. पण दारात येऊन उभ्या राहिलेल्या पोरांना बाजूला सारत त्याची बायको आवाज ऐकून आत आली, आणि नवऱ्याचं तोंड फुटलेलं असताना तिनं आधी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, की त्याला काही लागलं तर नाही. मी चपला घालून निघालो. जिन्यात पाण्याचे ड्रम भरून ठेवलेले होते, नळ अजून यायचा होता. त्यातलंच एक तांब्या पाणी घेऊन मी हात धुतला आणि घरी आलो.

दोन दिवसांनी पिशोरहून मामाचा फोन आला. मी शिव्या खायची तयारी केली. त्यांनी कशापायी मारलंस म्हणून विचारलं, आणि मी गेमचं सांगायला लागलो तर त्यांना राक्षसाचंही कळेना आणि राणीचंही. शेवटी वैतागून मी म्हणालो की मामा, आमची पाळी होती, आणि तो म्हणाला की आता पाळी नको.

मामा हळू आवाजात म्हणाले, "पाळी मोडायची भाषा केली व्हय त्यानं?"

मी हो म्हणालो. मग मारलंस ते गैर नाही, असा त्यांनी सरळ निकाल दिला, पोटच्या पोराविरुद्ध. पाण्याच्या पाळीवरून त्यांच्या चुलत्यानं सख्ख्या भावाच्या पायावर कुदळ घातली होती, तो जन्मभर लंगडत होता. हे ते कौतुकानं सांगत नव्हते आणि वाईट वाटून घेऊनही नाही. मी विचारलं की आता पाळी कशी चालते. आता कसली पाळी, ते म्हणाले, जो तो आपापला बोअर पाडून बसलाय.

"तवापसनं भांडण नाय बघ भावकीत," मामा म्हणाले. "आन् बोलणंबी नाय."

मामेभाऊ आणि मी बरेच महिने बोललो नाही. गेम यायच्या आधी त्याचा एक छोटा तुकडा फुकट खेळायला मिळाला, डेमो म्हणतात तो. मी हट्टानं घरी एक जुना कॉम्प्युटर जोडून घेतला. डावा हात माऊसवर, उजवा कीबोर्डवर. करंगळीनं पळायचं, अंगठ्यानं लोळण घ्यायची. मी मरत होतो. लांडग्याच्या तोंडाचे शिपाई येऊन मला फाडायचे, किल्ल्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचू द्यायचे नाहीत. करंगळीत गोळे यायचे. बायको म्हणाली की हात सुजलाय, बास करा, तिच्यावरही खेकसलो. हळूहळू दहातले दोनतीन शिपाई मारायला जमायला लागले.

मग मास्तरनं मध्ये पडून एका रविवारी दुपारी तिघांना आपापल्या घरून तो डेमो एकत्र खेळायला बसवलं. कानाला हेडफोन, एकमेकांचा आवाज ऐकू येत होता. मामेभाऊ बरा आहेस का म्हणाला, मी बरा आहे म्हणालो, आणि आम्ही किल्ल्यावर चालून गेलो. आणि मी मारायला लागलो. एक पाडला, दुसऱ्याचा हात खांद्यापासून उडवला, तिसऱ्याच्या पोटातून तलवार फिरवली. दारातून आत गेलो, अंगणात आणखी मारले. माझा श्वास फुलला होता. मास्तर वा वा करत होता. मला वाटलं की जमलं, मी राहिलो यांच्यात.

मग एका शिपायावर तलवार उगारताना दिसलं की त्याच्या दोन्ही गुडघ्यांत बाण आहेत. शेजारचा मास्तरच्या मंत्रानं पायापासून गोठलेला. त्याच्या मागच्याच्या हातातलं शस्त्र गळून पडलेलं. मी हात थांबवला आणि बघत राहिलो. समोरचा गुडघ्यावर कण्हत होता, आणि एका दमात तीन बाण सोडणारा मामेभाऊ धनुष्य खाली करून उभा होता. मास्तरची बाईही उभी होती. पूर्वी गेम माझ्यासाठी थांबायचा, तो सगळ्यांसाठीच थांबायचा. आता गेम थांबत नव्हता, हे दोघं थांबले होते. साहेब लोक बोलतात ना हळू, तसं.

या गेममध्ये आपला वार आपल्याच माणसालाही लागतो. मी वळलो आणि तलवार धनुष्यवाल्याच्या पोटात घातली.

तो कोसळला. मेलेला गडी थोड्या वेळानं शेकोटीपाशी पुन्हा उठतो, तसा तो उठला.

"दादा, चुकून लागली का?"

"नाही. मार मला."

मास्तर काहीतरी समजुतीचं बोलायला लागला, त्याला मी गप्प बसवलं. 

"मी हात नाय उचलणार म्हणलो होतो," मामेभाऊ म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. उचल."

मी त्याच्याकडं पळत सुटलो. त्यानं धनुष्य कधी वर केलं ते मला दिसलंच नाही. बाण गळ्यातून आरपार गेला. मी उठलो, पुन्हा पळालो, दुसरा डोळ्यात. तिसऱ्या वेळी तो बोलायला लागला. दात पाडलास माझा, प्रत्येक बाणाबरोबर एकेक वाक्य, पोरांदेखत पाडलास, मार्केटात लोक हसतात मला, काय वाकडं केलं होतं मी तुझं. त्याचा आवाज चिरकत होता. इतके महिने दाबून धरलेलं सगळं बाहेर येत होतं आणि त्यात माझ्या हाताबद्दल एक शब्द नव्हता. माझी करंगळी आखडली होती, अंगठा घामानं घसरत होता, एकदासुद्धा मी त्याच्यापर्यंत पोचलो नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

शेकोटीपाशी मी पुन्हा उठलो. तो थांबला होता, दमला असेल.

"वाट कुणाची बघतोस," मी म्हणालो, आणि त्यानं बघितली नाही.