हवा पिणारी नळी

आईचा उजवा खांदा आखडला आणि तिचं स्वतःच्या हातानं आंघोळ करणं बंद झालं. अकोल्याला ती एकटी राहायची. डोक्यावर तांब्या ओतायलाही हात वर जाईना, म्हणून मी तिला अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या घरी घेऊन आले. रोज सकाळी मीच तिला आंघोळ घालायचे. शाळेत नुसत्या नजरेनं अख्खा वर्ग गप्प करणारी ही बाई भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायची. मला ते बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी खांद्यावर गरम पाण्याची धार घ्यायला सांगितलं आणि मी लगेच शॉवर बसवून घेतला. गच्चीवर सोलर होतंच, पण त्याची धार करंगळीएवढी. म्हणून गरम पाण्याच्या पाइपला एक छोटा पंप जोडला. काय जोर आला पाण्याला! आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता मी माह्या हातानं आंघोळ करीन. तू बाहेर राय." कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जुनी जरब होती. मग ती नेहमीसारखी ऊन खायला गच्चीवर गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं आतून कडी लावली. शॉवर जरा वेळ बरा चालला, मग घसा खाकरायला लागला. फुस्स करून नुसती हवा, मग भसकन पाणी, पुन्हा हवा. पाइप धडधडले. आई ओल्या लुगड्यानंच बाहेर आली.

"मले नाई पायजे तुहं हे मशीन," ती म्हणाली. "मले अकोल्याले नेऊन दे. तिथं मी कशीबी करीन."

मी तिला काही अकोल्याला सोडणार नव्हते. एकटी पडली-बिडली तर बघायला कोण होतं तिथं?

प्लंबर आला. पंपातली हवा काढून गेला. त्याची पाठ फिरते न फिरते तोच शॉवर पुन्हा खोकला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं सोलरच्या टाकीवरच्या उभ्या नळीकडे बोट दाखवलं. "यातूनच हवा जाऊन रायली ताई. बूच मारून टाकू." आमचे हे लगेच बूच शोधायला निघाले. मी दोघांनाही अडवलं. पाणी तापतं त्या टाकीवरची उघडी नळी कोणी शोभेसाठी ठेवत नाही, एवढं मला कळत होतं. ती बुजवली तर टाकीला श्वास घ्यायला जागा कुठे? दोघंही माझ्याकडे 'हिला काय कळतं' अशा चेहऱ्यानं बघत होते. तो चेहरा बघितला की माझं डोकं फिरतं.

रविवारी सकाळी ह्यांना खाली शॉवरपाशी उभं केलं आणि मी गच्चीवर स्टूल घेऊन चढले. नळीचं तोंड खाली वाकवलेलं होतं. त्याच्याखाली मी ओढणीचं टोक धरलं आणि ओरडले, "सोडा पाणी!" पंप घरघरला. थोड्या वेळानं ओढणी सुर्रकन नळीला चिकटली. नळी हवा पीत होती!

प्लंबर खरं बोलला होता, पण अर्धंच. नळीला हवा प्यायची वेळ का यावी? पंप टाकीतून ओढतो तेवढं थंड पाणी आत येत नसेल, तरच. मी थंड पाण्याच्या काळ्या टाकीपासून सोलरकडे येणाऱ्या पाइपवर हात फिरवत निघाले. कोपऱ्यात कॉक होता, आणि तो अर्ध्याहून जास्त बंद! मी तो पूर्ण उघडला. थोड्याच वेळात ओढणी नळीपासून सुटून खाली लोंबली. पंप तसाच चालू होता, आणि खालून हे ओरडले, "आलं! मस्त आलं!"

मी गच्चीवर अक्षरशः नाचले. शेजारच्या काकू वाळवण सोडून बघत राहिल्या.

आई उन्हात खुर्चीवर बसली होती. हळूच म्हणाली, "तो कॉक म्याच अर्धा केला व. केवढं पानी जाऊन रायलं होतं! आपल्या घरी कोनता नळ पुरा उघडते?"

खरंच की! अकोल्यात नळ किती दिवसांनी येईल याचा भरवसा नसतो. आमच्या तिथल्या घरातला एकही कॉक मी कधी पूर्ण उघडलेला पाहिला नव्हता.

"म्हंजे मीच बिघडवलं?" तिचा चेहरा उतरला.

"तू नाही गं, अकोल्यानं बिघडवलं," मी म्हणाले आणि तिला हाताला धरून खाली नेलं.

आतून कडी लागली. पाणी एकसारखं पडत होतं, कुठे खाकरणं नाही, धडधड नाही. मी बाहेर कान लावून उभी होते. आतून हुकूम आला, "दारापाशी उभी नोको राहू. मी काई लेकरू नाई." मी जागची हलले नाही. थोड्या वेळानं आत ती गुणगुणायला लागली.

जन्मभर तांब्या मोजून आंघोळ करणारी आई त्या सकाळी सोलरमधलं सगळं गरम पाणी संपवून, केस धुऊन बाहेर आली. माझ्या वाट्याला भर थंडीत गार पाणी आलं. दात कडकडा वाजत होते, आणि मी मोठमोठ्यानं हसत होते.